मेणबत्ती आणि माझे विज्ञाननिष्ठ बाबा

आमच्या घरी अंधश्रद्धेला बंदी होती. मांजर आडवी गेली की बाबा मुद्दाम थांबायचे आणि तिच्याकडे कौतुकानं बघायचे. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरच्या टांगलेल्या दिसल्या, की "भाजीत तरी घातल्या असत्या" असं दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे आणि मग त्याच दुकानात साखर घ्यायला शिरायचे. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव धाम नदीत सोडले. मागे राहिलेले शकुन-अपशकुन बाबांनी एकेक करून हुसकावून लावले. नोकरी सरकारी कचेरीत कारकुनाची, पण खरा हुद्दा सिंदी मेघेतल्या आमच्या वस्तीच्या विहारात वक्त्याचा. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो की कुणाचा गृहप्रवेश, माइक हातात आला की बाबा अंधश्रद्धेवर घसरायचे. विषय मुलींच्या शिक्षणाचा दिला तरी थोड्याच वेळात भाषणात बोकड आणि कोंबडं येऊन उभं राहायचं.

अशा माणसाची एक गोष्ट मला कधी कळली नाही. मेणबत्ती समोर आली की बाबांचा पार भगत व्हायचा.

आणि मेणबत्ती आमच्याकडे रोजची. संध्याकाळच्या वंदनेला दोन्ही तसबिरींसमोर एकेक लागायची, पौर्णिमेला जास्त. त्यात दोन हजार सालानंतर लोडशेडिंगनं ऊत आणला. लाइट केव्हा येईल ते कुणी सांगू शकायचं नाही, जाईल केव्हा ते मात्र शेंबडं पोरही सांगायचं. ताईची आणि माझी वह्या-पुस्तकं मेणाच्या थेंबांनी एकमेकांना चिकटलेली असायची. माझं भूगोलाचं पुस्तक वर्षभर आफ्रिकेच्या पुढे उघडलंच नाही आणि बाईंना ते खरं वाटलं नाही.

तर बाबांचं मेणबत्तीशास्त्र. मेणबत्ती ठेवायची फ्रीजमध्ये, तीसुद्धा बर्फाच्या खान्यात. गार मेण हळूहळू वितळतं, म्हणून ती दुप्पट चालते. विझवताना फुंकर मारायची नाही, बोटं ओली करून चिमटीत वात धरायची. फुंकरीनं वातीची ताकद जाते. पहिल्यांदा पेटवली की तासभर तरी जळू द्यायची, लवकर विझवली तर तिला लवकर विझायची सवय लागते. रंगीत मेणबत्ती घ्यायची नाही, कारण रंग मेण खातो. आणि मेणबत्ती जितकी जुनी तितकी चांगली, ती तांदळासारखी मुरते. ही विद्या कुठून आली म्हणाल, तर थोडी रविवारच्या पुरवणीतल्या चौकटीतून, थोडी कचेरीतून आणि बरीचशी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडून. पैकी पुरवणीतली तर बाबांना शंभर टक्के विज्ञान वाटायची, कारण ती छापलेली होती.

आई अंगणवाडी सेविका. दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून आलेल्या बाईला घरी आल्यावर मेणबत्तीचे लाड करण्यात रस नव्हता. ती सरळ फुंकर मारायची. बाबा "अरे, अरे" करेपर्यंत धूरसुद्धा विरलेला असायचा.

"भगताच्या अंगात येते तं निदान अवसेले येते," ती म्हणायची. "तुमच्या अंगात तं रोज दिवेलागणीले येते."

"हे शास्त्र आहे," बाबा म्हणायचे.

"मंग भगत दुसरं काय म्हणते?"

फ्रीज आमचा लहानसा, एका दाराचा. मे महिन्यात वर्ध्याला आलेला पाहुणा पहिल्यांदा बर्फाचं पाणी मागतो, आणि आमच्याकडे बर्फाच्या खान्यात मेणबत्त्यांचे पुडे. जो काही बर्फ व्हायचा त्याला मेणाचा वास. पवनारचा मामा एकदा सरबताचा घोट घेऊन म्हणाला, "बाई, हे पेवाचं हाय का पेटवाचं?" आणखी एक गंमत अशी, की लाइट गेला की फ्रीजही बंद पडायचा. म्हणजे ज्या अंधारासाठी मेणबत्त्या गार ठेवल्या, त्याच अंधारात त्या कोमट होत पडलेल्या असायच्या. मी हे बाबांच्या कानावर घातलं. बाबा म्हणाले, बंद फ्रीजही बाहेरच्यापेक्षा थंडच असतो. आणि तेही खरंच होतं.

दहावीला असताना मी रीतसर प्रयोग केला. एकाच पुड्यातल्या दोन मेणबत्त्या, एक फ्रीजमधली, एक फळीवरची, शेजारी शेजारी लावल्या. दोघी जवळपास बरोबरच आटोपल्या. उलट फ्रीजमधली आधी थोडी तडकली आणि एका बाजूनं मेण ओघळून बसली. बाबांनी दोन्ही थारोळी वाकून पाहिली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, विज्ञानात एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नसतात. मी दुसरा करायला घेतला तर म्हणाले, मेणबत्त्या फुकट घालवू नको.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. माणसाला एखादी खोड असते. कुणी सुपारी खातं, कुणी पत्ते खेळतं, आमचे बाबा मेणबत्त्या गोठवतात. त्यातून कुणाचं काही बिघडेल असं ताईच्या लग्नापर्यंत वाटलं नव्हतं.

ताईचं जुळलं हिंगणीच्या मुलाशी. मुलगा सेलूला शाळेत मास्तर, अबोल, पहिल्या भेटीत पोह्यांची बशी स्वतःच उचलून आत नेऊन ठेवणारा. त्या एका बशीवर आईनं त्याला पास केलं. ताईनं आणखी थोडी चौकशी केली आणि मग तीही हो म्हणाली. लग्न मे महिन्यात, आमच्याच विहारात. पत्रिकेवर बाबांनी ठळक अक्षरात छापून घेतलं, की या मंगल परिणयात मुहूर्त, हुंडा आणि अंधश्रद्धेला थारा नाही. अंधश्रद्धा हा शब्द वधूच्या नावापेक्षा मोठा झाला होता. ताई म्हणाली, "बाबा, लग्न कोणाचं आहे ते खाली बारीक लिहिलं तं चालन."

जेवणाचं मामाकडे, मांडवाचं शेजाऱ्यांकडे, आणि मेणबत्त्यांचं बाबांनी स्वतःकडे घेतलं. आमच्यात वधूवर पांढऱ्या कपड्यांत येतात, तसबिरींसमोर मेणबत्ती-उदबत्ती लावतात, मग त्रिशरण-पंचशील, मग हार, मग फुलांच्या पाकळ्या. म्हणजे सुरुवातच मेणबत्तीपासून. बाबांनी वर्ध्याच्या बाजारातून दोन उंच, जाडजूड मेणबत्त्या आणल्या. विहाराच्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर अंथरायची होती आणि तिच्यावर मेणाचा थेंबही पडता कामा नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. नेमकं त्याच आठवड्यात कचेरीतल्या कुणीतरी त्यांना नवीन शास्त्र दिलं, की मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलेली मेणबत्ती अजिबात गळत नाही.

झालं. आईचं मोठं पातेलं गेलं. त्यात मूठमूठ मीठ, त्यात दोन्ही मेणबत्त्या आडव्या, वर ताट. ताईनं ताट उचलून पाहिलं.

"बाबा, लोणचं घालून राह्यले का?"

"तुह्याच लग्नासाठी आहे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खूश होता, की ताईनं ताट गुपचूप परत ठेवलं. भिजवून झाल्यावर बाबांनी त्या पुसल्याही नाहीत, मिठाचा गुण जाईल म्हणून. तशाच ओल्या नेऊन बर्फाच्या खान्यात ठेवल्या. एक शास्त्र कमी पडलं तर दुसरं हाताशी असावं. आई म्हणाली, साध्या दोन-चार सोबत असू द्या. बाबांना ते लागलं, त्यांनी एकही सोबत घेतली नाही. वर त्यांनी लग्नाच्या सकाळी विहारातले जुने जळके तुकडेसुद्धा फोटोत वाईट दिसतात म्हणून झाडून टाकले.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की मांडवातल्या लोखंडी खुर्च्यांवर बसायला कुणी तयार नव्हतं. सगळी वऱ्हाडी मंडळी विहाराच्या आत, कूलरसमोर. बाबांनी मेणबत्त्या बर्फाच्या डब्यातून आणल्या, कापडातून काढल्या, टेबलावर उभ्या केल्या. कूलरची दमट हवा लागताच दोघींना घाम फुटला. वरपक्षाकडच्या कुणीतरी विचारलं, या कोणत्या कंपनीच्या? बाबा नुसते हसले.

ताई आणि भाऊजी पुढे झाले. दोघांनी मिळून काडी धरली. पहिली वात थोडी धरली, तडतडली, फुलबाजीसारखी एक ठिणगी उडाली, आणि विझली. दुसरीनं तेवढंही केलं नाही. लोक हसले. बाबांनी हुकूम सोडला, "कूलर बंद करा, हवा लागते." कूलर बंद झाला. पुन्हा काडी. पुन्हा तडतड, वातीतून पाण्याचा एक थेंब खाली घरंगळला आणि ज्योत गेली. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी स्वतः काडी घेतली. त्यांच्या हातून नुसता धूर निघाला.

पुढच्या रांगेत भाऊजींच्या वडिलांची आत्या बसली होती. फार म्हातारी, कानानं कमी, त्यामुळे बोलायची मोठ्यानं. शेजारणीला सांगावं तसं ती म्हणाली, पण कूलर बंद होता, म्हणून ते साऱ्या विहारानं ऐकलं.

"इझली माय. दोनीबी इझल्या."

बस, एवढंच. अपशकुन हा शब्द कुणीही उच्चारला नाही. उच्चारणार कसा? त्या हॉलमधल्या प्रत्येकानं, नाहीतर त्याच्या बापानं, नाहीतर आज्यानं, असलं काही मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली. दुसऱ्या कुठल्या लग्नात असं झालं असतं तर बायांनी बोटं मोडली असती, कुणी मीठ-मोहरी उतरवून टाकली असती आणि पुढच्या क्षणी लग्न लागलं असतं. आमच्याकडे ती सोय नव्हती. जे मानत नाही त्यावर उतारा तरी काय करणार? सगळे नुसते ताईच्या पायांकडे बघायला लागले.

मी दाराशी पाकळ्यांचं ताट घेऊन उभी होते. भाऊजींचे वडील बाबांना चपलांच्या ढिगाजवळ घेऊन आले. सज्जन माणूस, त्यांना स्वतःलाच ओशाळं झालं होतं.

"भाऊ, आपण तं काई मानत नाई तसलं," ते म्हणाले. "पण बायामाणसाइचं मन राह्यते. अन् गर्मीबी लय हाय आज. पुढच्या आठवड्यात करू का? हिंगणीले, साध्यातच?"

"कूलरची हवा होती," बाबा म्हणाले.

"कूलर तं बंद केला ना भाऊ."

बाबांनी चष्मा काढला. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. आज लग्न पुढे गेलं तर पुढच्या आठवड्यात ते कदाचित लागेलही, पण ताई हिंगणीत जाईल ती मेणबत्ती विझलेली सून म्हणून. मग बोअर कोरडी गेली तरी ताई, म्हैस आटली तरी ताई, कुणी आजारी पडलं तरी ताई. आणि यातलं कुणीच काही मानत नसल्यामुळे तिला त्यावर कधी भांडताही येणार नाही. हे सगळं बाबांना माझ्याहून जास्त कळत होतं. आयुष्यभर त्यांनी याच्यावरच तर भाषणं ठोकली होती.

आणि खरं काय ते सांगितलं की मिटत होतं. फक्त ते सांगायचं म्हणजे, ज्या माणसानं या हॉलमधल्या निम्म्या लोकांना याच माइकवरून त्यांच्या लिंबांवरून आणि ताइतांवरून फाडून खाल्लं होतं, त्यानं उभं राहून म्हणायचं, की मी मेणबत्तीचं लोणचं घातलं. समोर कचेरीतले साहेब बसले होते. विहार समितीतले बाबांचे विरोधकही होते, जे बाबा तोंडावर पडायची कित्येक वर्षं वाट पाहत होते. बाबा चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. मला त्यांचा राग आला.

आई बायांमधून वाट काढत आली. नव्या पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला.

"तुमी सांगता का मी सांगू?"

बाबा तिच्याकडे न बघता माइककडे चालायला लागले.

माइकवर बाबा कायम पुस्तकी मराठी बोलायचे. "बंधू आणि भगिनींनो" असं म्हणून त्यांनी सुरुवातही तशीच केली. पुढे घसा खाकरला आणि घरातली बोली बाहेर आली.

"मेणबत्ती हवेनं नाई इझली. अन् तुमी जे मनात आणून राह्यले त्यानंबी नाई इझली. मी इझवली. मी तिले मिठाच्या पाण्यात भिजू घातली होती, गळू नये म्हणून. मंग ओलीच बर्फात ठेवली, लवकर संपू नये म्हणून. वातीत पाणी हाय. लिंबू-मिरचीवाल्याले मी येडा म्हणतो, तुमाले माईत हाय. माह्या फ्रीजात काय हाय ते तुमाले माईत नव्हतं. ही अंधश्रद्धा माही होय. पोरीचा याच्यात काई संबंध नाई."

मग ती आत्या उठली. काठी टेकत टेबलापाशी गेली, वाकली, मेणबत्तीवरून बोट फिरवलं आणि ते चाखलं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"खारी हाय बापा," ती म्हणाली.

त्यानंतर जे हसणं सुटलं ते आवरेना. मागून समितीतल्या एका विरोधकानं विचारलं, "भाऊ, हळद नाई लावली का?" बाबांनी मान खाली घालून तेही ऐकून घेतलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, आमच्या घरी तर मेणबत्त्या तांदळाच्या डब्यात ठेवतात. दुसरी म्हणाली, आम्ही साबणाच्या पाण्यातून काढतो. साहेबांच्या बायकोनं मान्य केलं की फ्रीजमध्ये त्यांच्याही आहेत. या सगळ्या गोंधळात नवरदेव कुठे दिसेना. पुन्हा सगळ्यांचे चेहरे पडणार, एवढ्यात तो दारातून घाम पुसत आत आला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून साध्या मेणबत्त्यांचा पुडा घेऊन आला होता. उन्हात धावत जाऊन आल्यानं फेट्याचं शेवटचं टोक सुटून पाठीवर लोंबत होतं. त्यातल्या दोन मेणबत्त्या पहिल्या काडीला लागल्या, पांढऱ्या चादरीवर भरपूर गळल्या आणि ताईचं लग्न लागलं. आत्याबाईंनी पाकळ्या सगळ्यात जोरात टाकल्या.

बाबांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना सांगितलाही. ते म्हणाले, बुंदी संपत आली का बघ.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर हिंगणीची गाडी निघाली. आई रडली, मी रडले, मामा तर आमच्यापेक्षा मोठ्यानं रडला. बाबा गाडीच्या दाराला धरून उभे होते. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि सगळे पांगेपर्यंत ते थांबले. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"बेटा, तुले तं माईत होतं. तू काऊन नाई बोलली?"

ताईनं डोळे पुसले.

"पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "तुमी कोणाले वाचवता ते. मले, का तुमच्या भाषणाले."

बाबांचा हात दारावर तसाच राहिला.

"मले उशीर झाला का?" त्यांनी विचारलं.

"झाला थोडासा," ताई म्हणाली, आणि त्यांचा हात हळूच बाजूला करून तिनं दार लावून घेतलं.